तात्या, वाडा हललेला नाही

तात्या, तुम्ही शेवटचं काय बोललात ते मी अजून आप्पांना सांगितलेलं नाही.

दुखवट्याला आलेल्या प्रत्येक माणसानं तेच विचारलं. दाराशी टेकायचं, पदराचं नाहीतर उपरण्याचं टोक डोळ्याला लावायचं आणि मग आवाज उतरवून म्हणायचं, "जाताना काय बोललं?" लोकांना देवाचं नाव हवं असतं. तुमच्या सोबतीच्या सुभेदारांनी ते सगळ्यांना दिलंही. "बिरोबाचं नाव घेतलं," असं ते मान खाली घालून सांगत होते, आणि आटपाडीकडची आपली माणसं समाधानानं मान हलवत होती.

मला मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी तुमच्या घरामागं पाण्याच्या टाकीपाशी नेलं आणि खरं सांगितलं.

"मास्तर, तुमास्नी खोटं सांगवत न्हाई. 'सर्विस कुनाची?' म्हनला. एवडंच."

मला कळेचना. 

"व्हॉलीबॉल खेळत हुतो, बॉल रेघंवर पडला हुता. आमी म्हटलं भाईर, ह्यो म्हनला आत. रोजचंच भांडान. ह्यानं इचारलं, 'सर्विस कुनाची?' आनि खांबाला टेकून खाली बसला. आता तुमास्नी ठावं हाय, पाइंट गेला की ह्यो रुसायचा. आमाला वाटलं, रुसला. आमी तसंच खेळलो, मास्तर. पाइंट-दोन पाइंट खेळलो. मग मीच म्हटलं, ऊठ की रं हावलदारा, का पालखी आनू तुला?"

 टाकीचा नळ गळत होता, तो सुभेदारांनी घट्ट केला. पुन्हा म्हणाले, "खेळलो आमी." आणि निघून गेले.

मी तिथंच उभा होतो. मला रडू येत नव्हतं. मला सारखं वाटत होतं, बॉल आत होता की बाहेर, हे कुणीतरी नक्की सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं काही खरं धरता येणार नाही.

सकाळी फोन आला तेव्हा सांगलीत मी नववीच्या वर्गावर होतो. शिपाई म्हणाला, हेडमास्तरांच्या खोलीत साताऱ्याचा फोन आहे. मला वाटलं, तुमचाच. "येताना बॉलला सांगलीचं ब्लॅडर आन, हितलं टिकत न्हाई," असं तुम्ही मागच्या खेपेला बजावलं होतं, आणि पुन्हा आठवण केल्याशिवाय तुम्ही राहणार नाही हे मला ठाऊक होतं. ब्लॅडर आणून झालं होतं. माझ्या पिशवीत होतं. मी फोन कानाला लावला आणि पलीकडचा आवाज ऐकण्याआधीच म्हणालो, "आणलंय, तात्या, आणलंय."

पलीकडं सुभेदार होते.  तुमच्या मरणाची बातमी मला सांगायला फोन केलेल्या माणसाला मी पहिलं वाक्य हे बोललो.

कराडला गाडी थांबली, माणसं चहाला उतरली. मीही उतरलो, चहा घेतला, भजी खाल्ली. भजी चांगली होती. निम्मी खाऊन झाल्यावर लक्षात आलं की मी कुठं निघालोय. दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर बरं दिसणार नाही. तुम्ही ऐकून म्हणाला असता, "मग? उपाशीपोटी काय दिवं लावनार हुतास?"

तुमचा आवाज मला असा अजून ऐकू येतो, बाजूच्या खोलीतून यावा तसा, आणि म्हणूनच मला काही पटत नाही.

मला मेंढरांमागून उठवून आटपाडीच्या शाळेत तुम्ही घातलंत, हे सगळ्या भाऊबंदांना माहीत आहे. पण कसं घातलंत ते सांगायचं राहून जातं. पलटणीतून सुट्टीवर आला होतात. वर्दी अंगावर होती. शाळेत काय करतात हे स्वतः बघितल्याशिवाय पोरगं ठेवणार नाही, म्हणून तुम्ही सबंध दिवस वर्गात शेवटच्या रांगेत जमिनीवर मांडी घालून बसलात. गुरुजींना वाटलं, सरकारी माणूस तपासणीला आलाय. त्यांनी त्या दिवशी छडीला हात लावला नाही आणि मधल्या सुट्टीनंतर झोपलेही नाहीत. संध्याकाळी माझ्या बापाला, आप्पांना, तुम्ही अहवाल दिलात, "काम बसायचंच हाय. मेंढरापरास लय सोपं. पर दिसभर गप बसाय लागतंय. ह्याला जमंल का तेवडं बगा."

जमलं, तात्या. हळूहळू जमलं. पुढं सांगलीच्या कॉलेजात बी.ए. झालो, तेव्हा तुम्ही विचारलंत, "बी.ए. म्हंजे कितवी?" मी सांगत होतो आणि तुम्ही बोटांवर मोजत होतात. अकरावी, मग वर चार. "म्हंजे पंधरावी." झालं. त्यानंतर साताऱ्यात तुमच्या दोस्तांपुढं माझी ओळख कायम तीच. "ह्यो आमचा बिरू. पंधरावी पास." मिशांना पीळ भरणारी म्हातारी माणसं माझ्याकडं आदरानं बघायची. एकदा कुणीतरी विचारलं, "सोळावी असती का फुडं?" तुम्ही सांगितलंत, "असती, पर लांब हाय. कोल्हापूरला."

मी लाजायचो. आता कुणी मला पंधरावी म्हणणार नाही.

साताऱ्याला तुम्ही राहायला गेलात ती गोष्ट आमच्या घरात अजून हसून सांगतात. निदान परवापर्यंत सांगत होते. दुष्काळ नुकताच सरला होता. तुमचं कार्ड आलं, अक्षर सुभेदारांचं, आम्हाला परकं. "साताऱ्यास वाडा बसवला आहे. सहकुटुंब बघण्यास यावे." शालननं ते वाचलं आणि तिला आनंद आवरेना. ती तासगावकडची, बागायती घरातली. तात्यांनी साताऱ्यात वाडा घेतला, हे तिनं माहेरी कळवून टाकलं. आणि मी, पंधरावी पास, मीही तेच समजलो. मनात म्हटलं, "बांधला" ऐवजी "बसवला" लिहिलंय, लिहिणाऱ्याचं व्याकरण कच्चं असेल.

शालन ठेवणीतली साडी नेसली. पोरांना इस्त्रीचे कपडे. साताऱ्याच्या स्टँडवर टांगा केला आणि मी ऐटीत सांगितलं, "हवालदारांच्या वाड्यावर चला." टांगेवाला म्हणाला, "आवं साहेब, हितं पेठंपेठंला वाडं हायती. कंच्या हवालदारांचा?" त्यानं आम्हाला निम्मा सातारा दाखवला. दिंडी दरवाजा दिसला की शालन साडी सावरून बसायची. शेवटी एका पानवाल्यानं सांगितलं, ते म्हातारे शिपाई ना, ते पलीकडं माळावर.

किल्ल्याच्या पाठीमागं, उघड्या माळावर, पेन्शनीत निघालेल्या शिपायांनी मिळून जागा घेतली होती. दोन-दोन खोल्यांची एकसारखी घरं, निम्म्यांना गिलावा नाही, मधे मोकळं पटांगण. तुम्ही पटांगणात उभे होतात, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून.

"तात्या, वाडा कुठं आहे?" मी विचारलं.

"ह्यो काय. बसलाय की."

मग मला कळलं. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलंत, शालनच्या साडीकडं बघितलंत, आणि पोट धरून हसायला लागलात. "लेका, वाड्यातच जल्मलास की तू. शाळंत इसारलास व्हय?"

विसरलो होतो. आपल्याकडं वाडा म्हणजे भिंती नव्हेत. चार-सहा बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री. मिळून चालायचं, मिळून मुक्काम करायचा. आज या माळावर बसला, पुढं पाण्याच्या बाजूनं हलला. पण शाळेच्या पुस्तकातला वाडा चौसोपी असतो, आणि पोरांना मी तोच शिकवत आलो.

तुम्ही शालनला हात धरून घरोघर नेलंत. "ही बिरूची मालकीन. वाडा बगाय आलीया, नटूनथटून." बायका हसल्या, पण तिला ओवाळलं, आणि सुभेदारीणबाईंनी तिच्या ओटीत नारळ घातला. येताना एसटीत शालन म्हणाली, "वाड्यापेक्षा हेच बरं हाय की."  माझ्या मनात मात्र राग होता.

तो राग कसला हे तुम्हाला ठाऊक होतं, आपण त्यावरच तर इतकी वर्षं भांडत होतो. सांगलीत माझ्या घरामागं मी तुमच्यासाठी खोली काढली होती. स्वतंत्र दार, खिडकीशी लिंबाचं झाड, काकीला वेगळी चूल. मला तुम्हाला सांभाळायचं होतं. तुम्ही मला माणसात आणलंत. तुमचं म्हातारपण माझ्या दारात जावं एवढीच माझी इच्छा होती. तुम्हाला मूलबाळ नाही. लोक बघत होते, पुतण्या काय करतो.

मग माझ्या हट्टापायी तुम्ही एकदा आलात, राहिलात. काही दिवस गेले आणि एका सकाळी पिशवी भरलीत.

"खोली लय बेस हाय, बिरू. पर मी सकाळी उठून शिव्या कुनाला घालू?"

"तात्या, इथं तुम्हाला काय कमी आहे?"

"तेच सांगतोय. कायबी कमी न्हाई. तू म्हनतोस, 'तात्या, चहा घेता का.' शालन म्हनती, 'मामंजी, आंघोळीला पानी काढलंय.' पोरं पाया पडत्यात. मी काय समाधी हाय व्हय?"

"मी तुम्हाला सांभाळायचं नाही, तर कुणी?"

"सांभाळ की. मग गळ्यात एक घंटा बांध, म्हंजे कुठं चरतोय ते कळंल."

हसावं की चिडावं मला कळेना. मी चिडलो. म्हणालो, लोक म्हणतील पुतण्यानं वाऱ्यावर सोडलं. तुम्ही म्हणालात, "वाऱ्यावरच ऱ्हायलोय जल्मभर. मला त्याचीच सवय हाय." आणि काकीला घेऊन साताऱ्याची गाडी पकडलीत.

त्यानंतर मी सुट्टी मिळाली की येत राहिलो. भांडायलाच यायचो खरं तर. पण तुमच्या तिथं भांडायला फुरसत नसायची. पहाट फुटली की सुभेदार टोकाच्या घरातून निघायचे आणि प्रत्येक दारापुढं उभं राहून हाळी द्यायचे. "हावलदार, हाय का?" तुम्ही आतून म्हणायचात, "हाय." की पुढचं दार. ज्यांची "हाय" आली ते एकामागं एक रांगेत सामील. अशी ती रांग किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत जायची आणि परत यायची. एखाद्या दिवशी तुम्ही मुद्दाम उत्तर द्यायचा नाहीत. सुभेदार दारात थांबून म्हणायचे, "मेलास व्हय रं?" तुम्ही म्हणायचात, "मेलो. म्होरं जावा." पोरं अंथरुणात हसायची.

संध्याकाळी व्हॉलीबॉल. त्याचं जाळंही तुम्हीच आणलेलं, आपली मेंढरांची वाघर, रात्री कळपाभोवती लावायचं ते दोरीचं जाळं. खेळायला मागता म्हणून आप्पांनी ती तुम्हाला रागानंच दिली असेल. दोन खांबांना ती बांधून पलीकडं कलप लावून करवंदासारखी काळीभोर मिशी ठेवलेले सुभेदार आणि अलीकडं तुम्ही. दोघांचीही साठी आलेली. सुभेदार ऊसवाल्या घरातले, वाळव्याकडचे, बारमाही पाण्यावरचे. ते जाळ्याकडं बघून म्हणायचे, "मेंढरागत कोंडलंय आमाला ह्या धनगरानं." तुम्ही म्हणायचात, "कोंडलं म्हनून लांडग्यानं खाल्लं न्हाई अजून."

आणि काकी. तिच्याकडं माझं लक्ष उशिरा गेलं. सांगलीत ती चुलीपुढून उठायची नाही. इथं बघावं तर सुभेदारीणबाईंच्या ओट्यावर पाय पसरून बसलेली, शेंगा फोडतेय, आणि तोंड अखंड चालू. एकदा मी आलो तर तिनं मला ओळखलंच नाही, इतकी ती गप्पांत. मग म्हणाली, "बस रं जरा, ही येक गोस्ट संपू दे."

मागच्या खेपेला तुम्ही मला स्टँडवर सोडायला आला होतात. मी पुन्हा तोच विषय काढला. म्हटलं, गुडघे दुखतात तुमचे, माळावर थंडी असते, आता तरी चला. तुम्ही म्हणालात, "रविवारी ये, भांडू. जाळं काढून ठेवतो, मोकळ्या जागंत भांडू." त्या रविवारसाठीच ते ब्लॅडर होतं.

आप्पा दुपारी पोचले. तुम्हाला माहुलीच्या घाटावर नेलं. खांदा द्यायला एका बाजूला आटपाडीची माणसं, एका बाजूला तुमची पलटण. तुमच्या लोकांचे पाय आपोआप एकत्र पडत होते. आपल्या माणसांना ते जमेना. आप्पा सारखे अडखळत होते, त्यांचा खांदा खालीवर होत होता. मग सुभेदार त्यांच्या मागून, आप्पांनाच ऐकू जाईल इतक्या बारीक आवाजात म्हणायला लागले, "एक-दो-एक. एक-दो-एक." आणि आप्पांचे पाय बसले. आयुष्यभर मेंढरांमागं मनाला येईल तसं चाललेला माझा बाप तुमच्यासाठी कवायत करत चालला, तात्या. मी बघत होतो. मला तेव्हाही रडू आलं नाही. मला वाटत होतं, तुम्ही हे वरून बघताय आणि आता हसणार.

ब्लॅडर मी परत आल्यावर सुभेदारांच्या हातात दिलं. त्यांनी ते खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ओट्यावर जागाच होतो. सुभेदार टोकाच्या घरातून निघाले. तुमचं दार वगळायला त्यांना कुणी सांगायला हवं होतं, पण कोण सांगणार? एकेक दार करत आले. प्रत्येक दारातून "हाय" येत होती, नेहमीपेक्षा खालच्या आवाजात. तुमच्या दारापुढं आले, सवयीनं थांबले, सवयीनं तोंड उघडलं, "हावलदार, हा..." आणि तिथंच त्यांचा आवाज तुटला.  मी उठायच्या बेतात होतो.

आतून काकी म्हणाली, "हाय. मी हाय."

 सुभेदार म्हणाले, "बरं." आणि पुढच्या दाराकडं गेले.

त्या क्षणी मला रडू आलं. मोठ्यानं आलं. काकी बाहेर आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, जसं काही माझंच माणूस गेलंय आणि ती भेटायला आलीय.

पुढं रोज पहाटे तेच. सुभेदार दारापुढं यायचे, आता ते "वहिनी, हाय का?" म्हणायचे. काकी "हाय" म्हणायची. दुसरं काही नाही.

तेराव्यानंतर आप्पांनी विषय काढला. काढणारच होते. पुढच्या खोलीत आम्ही बसलो, आप्पा, मी, शालन. काकी आतल्या दाराआड. तुम्हाला माहीत आहे, आप्पा थोरले दीर, ती त्यांच्यापुढं कधी आलेली नाही, त्यांच्याशी थेट बोललेली नाही. पदर पुढं ओढून उंबऱ्याशी उभी होती.

आप्पा म्हणाले, "बिरू, तिला घिऊन जा सांगलीला. तुझी खोली हाय. न्हाईतर मी नेतो गावाला. बाईमानूस एकटं परक्या गावात ठिवलं तर भावकी माझ्या तोंडात श्यान घालंल."

हेच तर मला हवं होतं, तात्या. इतकी वर्षं तुमच्याशी भांडून जे मिळालं नाही ते आता हातावर ठेवलेलं होतं. शालन तेराव्याला येण्याआधीच मी तिला निरोप देऊन खोली झाडून घेतली होती, तिनं दूधवाल्याला वाढीव दूध सांगून ठेवलं होतं. तुम्हाला नाही तर तुमच्या माणसाला तरी मी सांभाळणार होतो. मी "होय" म्हणायला तोंड उघडलं.

शालन म्हणाली, "काकी, तुमच्या मनात काय हाय?"

आतून उत्तर आलं, "मला कोन इचारतंय?"

"मी इचारतीय की."

 मग काकी बोलायला लागली. आप्पा हाताच्या अंतरावर बसले होते, पण बोलणं सगळं शालनला.

"शालन, भावजींस्नी सांग. लगीन झाल्यापास्नं मी त्यांच्या मेंढरामागं चालली. ह्ये पलटनीत, मी मेंढरात. जिथं जावं तिथं चार दिस. कुना बाईशी वळख झाली की वाडा हलायचा. बाईला मैतरीन असती, आपलं गुज आयकनारं कोन असतं, हे मला हितं येऊन कळलं. साठ वरसं झाल्यावर कळलं. आता कुठं गोस्टीला सुरवात झालीया."

आप्पा भिंतीकडं बघत म्हणाले, "शालन, तिला सांग. ज्यानं आनली त्योच ऱ्हायला न्हाई."

"शालन, भावजींस्नी सांग. मला म्हाईत हाय."

एवढंच बोलली. तिच्या आवाजात रडणं नव्हतं. बाहेर ओट्यावर सुभेदारीणबाई कधीच्या येऊन बसल्या होत्या, हातात शेंगांची पाटी, आत येत नव्हत्या आणि जातही नव्हत्या.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "तू बोल, पंधरावी."

त्यांनी मला तसं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. तुमचा शब्द त्यांच्या तोंडी होता. माझ्यासमोर माझी खोली होती, लिंबाचं झाड होतं, तुमचे सगळे उपकार होते आणि ते फेडायची शेवटची जागा होती. ती जागा सोडली तर पुन्हा मिळणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी म्हणालो, "आप्पा, काकीला राहू द्या इथं."

 आप्पा उठले, पटका बांधला. "लोकांला तोंड तू दे मग. मी देनार न्हाई." जाताना मात्र ते पटांगणात गेले, वाघरीची एक गाठ सुटत आली होती, ती त्यांनी ओढून नीट बांधली आणि स्टँडची वाट धरली. सुभेदार त्यांच्यामागं सोडायला गेले. 

मी तुम्हाला कधी म्हटलं नाही की तुमचं बरोबर होतं. तुम्ही होता तोवर म्हणण्यासारखं काही नव्हतंच. मला तुमचं चुकत होतंसं वाटत होतं आणि भांडायला जायला निमित्त मिळत होतं. आता मी कशासाठी यायचं साताऱ्याला, ते तुम्हीच सांगायला हवं होतं. काकी म्हणते, "ये की. मी हाय." पण तिच्याशी भांडता येत नाही, तात्या. ती लगेच जेवायला वाढते.

आम्ही काल रात्रीच्या आत सांगलीत पोचलो. आज सकाळी दूधवाला आला, सांगितल्याप्रमाणं वाढीव दूध घेऊन. मापं ओतून झाल्यावर त्यानं मागच्या खोलीच्या बंद दाराकडं बघितलं.

"मास्तर, चुलतीला आननार हुता न्हवं?"

"नाही आणलं."

"का वं?"

"ती घरी हाय," मी म्हणालो.

"कुनाच्या?"

पातेलं माझ्या हातात होतं. दूध काठोकाठ होतं, सांडेल म्हणून मी हललो नाही.

"तिच्या."